भांडायला जाता येईल असा कारखाना

मानवी संस्कृतीचा पाया तांब्यावर उभा आहे. दगड खाली ठेवून माणसानं तांबं हातात घेतलं, तेव्हा तो खऱ्या अर्थानं माणूस झाला. राजांनी आपली दानं ताम्रपटांवर कोरली, कारण राज्यं जातील पण तांबं राहील, असा त्यांना विश्वास होता. हे सगळं मी शाळेत शिकलो आणि बरीच वर्षं खरं मानलं. मग भातकुलीला एका हौदाशेजारी पत्र्याची पेटी उघडून पाहिली. आतल्या हिरव्या पाटीवरच्या तांब्याच्या रेघांची एका हंगामात भुकटी झाली होती. राजांनी आपले ताम्रपट पूर्णेच्या खोऱ्यात ठेवले नसावेत.

त्या भुकटीमुळे मला दसऱ्यानंतर सांगलीहून पुन्हा वऱ्हाडात जावं लागलं. लोक वऱ्हाडात मेळघाटचा वाघ पाहायला जातात, चिखलदऱ्याला हवा खायला जातात. मी गेलो तो सर्किट बोर्ड बनवणारा कारखाना शोधायला. वाघ दिसला नाही. कारखान्यांतले काही नमुने दिसले, त्यांची ही हकीकत.

भातकुली

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. वर पाहावं तर काळी, लोण्यासारखी माती. बोअर मारावा तर खाली मीठ. याला इकडे खारपाणपट्टा म्हणतात. वनिताताईंचं वावर या पट्ट्यात आहे. त्या आणि त्यांचे यजमान गजाननराव भाजीपाला, झेंडू आणि मुख्यतः रोपं करतात. मिरची, वांगी, कांदा यांची रोपं तयार करून आसपासच्या शेतकऱ्यांना विकायची, हा त्यांचा धंदा.

पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात साठतं. ते दिवाळीच्या पुढेमागे ओसरायला लागलं की त्यात बोअरचं खारं पाणी मिसळावं लागतं. दोन्ही पाणी एका हौदात येतं आणि तिथून पंपानं रोपांना जातं. मिसळणीचा अंदाज चुकला की कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात. म्हणून मी त्यांना एक पेटी करून दिली होती; शेतीची अशी उपकरणं करणं हा माझा धंदा. हौदातलं पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा खारं झालं तर पेटी लाल दिवा लावते आणि पंप सुरूच होऊ देत नाही. पेटीतला बोर्ड, म्हणजे तांब्याच्या रेघा असलेली ती पाटी, मी इंटरनेटवरून एका दूरच्या कंपनीकडून करून घेतली. पाटी सुरेख खोक्यातून आली. तिच्यावरचा हिरवा लेप मात्र नावापुरता होता. खाऱ्या हवेनं तो पोखरला, पेटी मुकी झाली, पंप चालत राहिला आणि मिरचीचं अख्खं रोप जळालं. आधी सांगून ठेवलेले शेतकरी दुसऱ्याकडे गेले.

मी कंपनीकडे तक्रार केली. उत्तरादाखल त्यांनी विचारलं, आमच्या सेवेला तुम्ही किती तारे द्याल?

ते मी वनिताताईंना वाचून दाखवलं. त्या झेंडूची फुलं निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तारे कायले? त्याईले म्हना, एकदा समोर या."

"ते समोर येत नाहीत, ताई. त्यांचं सगळं फोनवर."

"मंग असा मानूस पाहा भाऊ, ज्याच्या दारात जाऊन मले भांडता येईन. सकायी गेली, भांडली, अन् गाय पान्हवाच्या टायमाले घरी आली. येवढ्या अंतरावरचा पाहा."

कारखाना निवडण्याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. गुणवत्ता, क्षमता, वेळेचं पालन, अशी त्या लिखाणाची प्रकरणं असतात. भांडणाच्या अंतराचा निकष त्यात नव्हता, आणि तो नसल्यानं काय होतं ते पेटीत दिसत होतं.

गजाननराव बोलत नाहीत. त्या दिवशी ते एकदाच बोलले. त्यांच्या भावानं वावर बटाईनं, म्हणजे वाट्यानं, मागितलं होतं, कपाशी लावायला. "या साली रोप जमलं नाई त देऊन टाकतो त्याले," ते म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. वनिताताईंनी फुलांतून एक सडकं फूल काढून लांब फेकलं. तळ्यातलं पाणी ओसरायच्या आत पेटी बसली तर मिरची टाकायची. नाही बसली तर रोपांचा धंदा संपला. हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. त्यांच्या हातात गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा होता. रिकामा असं मला वाटलं. उचलायला गेलो तर जड.

"बोअरचं पानी हाय," त्या म्हणाल्या. "जो म्हनन माहा बोर्ड चांगला, त्याचा बोर्ड याच्यात बुडवाचा."

अमरावती

आम्ही पाहिलेला पहिला कारखाना अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत होता; तो बाहेरून एखाद्या बँकेसारखा दिसतो. आत शिरताच पितळी समई, तिच्यामागे कंपनीचं ध्येयवाक्य, त्याच्यामागे कंपनीची मूल्यं, आणि मूल्यांच्या खाली चपला काढण्याची जागा. मी बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या. वनिताताईंच्या पायांत चपला होत्या, त्यांवर पिशव्या बसेनात. शेवटी त्या अनवाणी आल्या. कारखान्यात शिरलेल्या माणसांत सगळ्यांत स्वच्छ पाय बहुधा त्यांचेच असावेत.

संचालकसाहेबांनी आमचा सत्कार केला. मला शाल आणि नारळ, वनिताताईंना ब्लाऊजपीस आणि नारळ. आमच्याकडे सांगलीला माणूस निवृत्त झाला किंवा निवडून आला तर शाल मिळते. चौकशीला आलेल्या गिऱ्हाइकाला मिळाल्याचं मी प्रथमच पाहिलं. सत्काराचा फोटोही निघाला. फोटोत वनिताताईंच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात गोडेतेलाचा डबा आहे.

मग पडद्यावर चित्रं दाखवण्यात आली. देश, जग, भविष्य, आणि अखेरीस कंपनी. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथे एकही बोर्ड बाद होत नाही.

मी माझा आराखडा दाखवला. बोर्ड दोन्ही बाजूंनी रेघा असलेला, पत्त्याच्या पानाएवढा, आणि त्याच्यावर खाऱ्या हवेत टिकेल असा जाड लेप हवा होता. साहेब प्रत्येक वाक्याला "होईल" म्हणत होते. दोन्ही बाजू? होईल. जाड लेप? होईल. लवकर? होईल. चार बाजूंचा बोर्ड असतो का, असं विचारावं असं माझ्या मनात येऊन गेलं. तोही झाला असता.

"कारखाना पाहता येईल का?" मी विचारलं.

एका काचेतून आम्हाला एक मोठं यंत्र दाखवण्यात आलं. त्याच्यावर मेणकापड होतं. त्या दिवशी यंत्राची देखभाल चालू होती, असं साहेब म्हणाले. देखभाल करणारं कुणी दिसलं नाही.

माझी एक सवय आहे. भोजनालय निवडताना मी मोरी पाहतो आणि कारखाना निवडताना कचरा. "तुमचे बिघडलेले बोर्ड पाहायचे आहेत," मी म्हणालो.

साहेबांनी भिंतीवरच्या ध्येयवाक्याकडे हात केला. "बिघडतच नाही, सर."

वनिताताईंना हे पटलं नाही. त्या माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "वांगे तोडले त एखादं किडकं निंघतेच. याईच्या झाडाले कीडच नाई लागत?" साहेब हसले. वऱ्हाडी बोलणं ऐकून परगावचे लोक दचकतात. साहेब अमरावतीचेच होते, ते नुसतेच हसले आणि त्यांनी मखमलीची एक डबी पुढे केली. आत एक नमुन्याचा बोर्ड होता. सुबक, चकचकीत, गर्द हिरवा.

"हा असू द्या तुमच्याजवळ," साहेब म्हणाले.

"याच्यासोबतचा आनखी एखादा द्या ना," वनिताताई म्हणाल्या. "ढिगातला. साधा."

ढिगातला बोर्ड दाखवण्याची कंपनीची पद्धत नव्हती.

बाहेर पडून आम्ही गिला वडा खाल्ला. इकडे दहीवड्याला गिला वडा म्हणतात, आणि तो नावाप्रमाणे दह्यात बुडालेला, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन येतो. सांगलीचा माणूस तिखटाला घाबरत नाही असं मी समजत होतो. वनिताताईंनी मला पाण्याचा ग्लास दिला. तो डब्यातला नाही, याची मी आधी खात्री करून घेतली.

अकोला

अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. वनिताताई खिडकीशी बसून वावरं पाहत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "पाहा, कपाशी काय, कोनीबी लावते." बोलायला आणखी कुणी नव्हतं, म्हणून हे माझ्यासाठी होतं असं धरायचं. मला ते त्यांच्या दिरासाठी वाटलं.

अकोल्यात ज्या ठिकाणी आम्ही प्रथम गेलो, तिथल्या पाटीवर "सर्व प्रकारच्या सर्किट बोर्डांचे उत्पादक" असं लिहिलं होतं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक गणपती आणि एक गृहस्थ. उत्पादन कुठे होतं असं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे वर, खाली आणि शेवटी दूर हात दाखवला. ते ऑर्डर घेत आणि बाहेरगावी देत. म्हणजे उत्पादक कोण, तर ज्याचं नाव त्यांना आठवेल तो.

माणूस मात्र अगत्याचा. "तुमी बसा, मी चहा टाकतो," म्हणून त्यांनी विजेच्या किटलीत पाणी ओतलं, दूधपावडर, साखर, पत्ती टाकली. आम्ही बोलत होतो. चहा पेल्यांत आला तेव्हा त्याच्यावर दुधाच्या कण्या तरंगत होत्या. मी घोट घेतला. मग मी टेबलाखाली पाहिलं. गोडेतेलाच्या डब्याचं झाकण उघडं होतं.

वऱ्हाडात कुणी दिलेला चहा परत करत नाहीत. आपणच केलेला चहा परत करण्याची तर सोय कुठेच नसते. त्या गृहस्थांनी पहिला घोट घेतला, क्षणभर भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं आणि दुसरा घेतला. तिघांनीही पेले रिकामे केले.

"आता समजलं तुमाले आमचं पानी कसं असते?" वनिताताईंनी विचारलं.

त्यांना समजलं होतं. त्यानंतर ते फार सरळ बोलले. "ताई, याच्यात टिकन असा बोर्ड मी मांगवून देऊ शकत नाई. म्हनजे मांगवीन, पन कोन बनवन मले माईत नसते. तुमी मधूभाऊकडे जा. मानूस खडूस हाय, पन हातानं बनवते." त्यांनी पत्ता सांगितला आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दारात पाठवणारा व्यापारी मी फारसा पाहिलेला नाही. त्याचं श्रेय मी चहाला देतो.

मधूभाऊंचं घर जुन्या वस्तीत. घरामागे पत्र्याची लांब शेड, आणि शेडच्या दारात कोंबड्यांचं खुराडं. मी आधी माणसाकडे पाहायला हवं होतं, पण खुराड्याकडेच पाहत राहिलो. त्याच्या चारही भिंती आणि छप्पर सर्किट बोर्डांचं होतं. हिरवे, तपकिरी, लहान, मोठे बोर्ड तारेनं विणून केलेल्या भिंती, त्यांवर उन्हात चमकणाऱ्या तांब्याच्या रेघा, आणि आत एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. कुलरचा ओटाही बोर्डांचा. कुंडीभोवतीचं कुंपण बोर्डांचं. घरावरचा क्रमांक बोर्डावर.

"काय पाहून राहिले?" आतून आवाज आला. मधूभाऊ बाहेर आले. साठीचे, उंच, बोटं तांबूस तपकिरी. तांबं खरवडणाऱ्या रसायनाचा तो रंग कधी जात नाही.

"एवढे बोर्ड कुठून आणले?" मी विचारलं.

"आनले नाई. बिघडवले." ते खुराड्यावर हात ठेवून म्हणाले. "हे सबन माह्यं पाप हाय. ह्या भिंतीतले रेघा जुळले म्हून, ते वरचे भोकं सरकले म्हून. गिऱ्हाइकाले देता येत नाई, फेकाले जीव होत नाई. मंग कोंबड्याईले दिलं."

वनिताताईंनी डबा खाली ठेवला. अमरावतीच्या कारखान्यात त्यांनी तो एकदाही हातातून सोडला नव्हता.

मी आराखडा उघडला. मधूभाऊंनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि परत दिला. "दोन्ही बाजूचा नाई होत आमच्याकडे. एकाच बाजूचा होते. येवढी बारीक रेघबी होत नाई."

"अमरावतीला होतं म्हणाले."

"मंग अमरावतीले करा."

यात अपमान नव्हता. सांगलीला आम्ही अशा वेळी "बघूया, काहीतरी करू" म्हणतो आणि गिऱ्हाइकाला आठवडाभर आशेवर ठेवतो. इथे नाही म्हणजे नाही, आणि त्यानंतर लगेच, "जेवून जा. भाकर टाकून राहिली घरची." चून आणि ज्वारीची भाकर होती, बरोबर मिरचीचा ठेचा. आमच्याकडे जे पिठलं असतं, त्याला इकडे चून म्हणतात आणि ते आमच्यापेक्षा घट्ट असतं.

जेवताना वनिताताईंनी पाण्याची अट सांगितली. मधूभाऊ म्हणाले, "नुस्ता बोर्ड बुडवून काय समजन? बोर्डावर करंट सोडून बुडवा. बॅटरी जोडा. खाऱ्या पान्यात करंट सोडला की दोन रेघाईत काय प्रेम होते ते सकायी पाहा."

आपल्याच मालाची परीक्षा आणखी कडक करून मागणारा माणूस पाहून मी जरा सावध झालो. असे लोक एकतर फार चांगले असतात किंवा फार भांडकुदळ. वनिताताईंना दोन्ही चालत होतं.

दोन परातींत डब्यातलं पाणी ओतलं. एकीत मखमली डबीतला बोर्ड, दुसरीत मधूभाऊंनी त्याच दुपारी शेडमधून काढून आणलेला. दोन्हींना बॅटऱ्या जोडल्या, पराती कोंबड्यांपासून लांब ठेवल्या, आणि आम्ही उठलो. वनिताताईंच्या मावसबहिणीचं घर जवळ होतं. मी लॉजवर गेलो.

सकाळी मधूभाऊंच्या अंगणात आम्ही तिघं परातींवर वाकलो.

अमरावतीचा बोर्ड जसा बुडवला तसाच होता. स्वच्छ, हिरवा, चकचकीत. मधूभाऊंच्या बोर्डाला एका कडेनं निळसर-हिरवी बुरशी फुटली होती आणि दोन रेघा तिच्याखाली एकमेकींत मिसळल्या होत्या.

मधूभाऊंनी बोर्ड पाण्यातून काढला, उन्हात धरला, नखानं लेप खरवडला. "घाई केली," ते म्हणाले. "काल तुमाले दाखवाच्या नादात लेप पुरा सुकू नाई देला. सुई टोचावं तसे भोकं राह्यले." त्यांनी बोर्ड पुसला, खुराड्याच्या छपरात एक जागा शोधली आणि तारेनं बांधायला घेतला. बायकोला हाक मारून म्हणाले, "पकड आन वो, एक भर पडली."

मला वाटलं, प्रश्न सुटला. आवडलं नाही, पण सुटला. परीक्षा आम्हीच ठरवली होती, एक जण पास झाला, एक नापास. मी हलक्या आवाजात वनिताताईंना म्हणालो, "अमरावतीचाच घ्यावा लागेल."

"काहून?"

"टिकला ना तो."

"टिकला. चांगला हाय." त्यांनी मखमली डबीतला बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "पन तो त्याईचा हाय काय?"

मी रिकामी मखमली डबी उलटून पाहिली.

"भाऊ, मंडीत मीबी माल नेतो. टोपल्यात वर कसे वांगे ठेवतो मी? निवडून. चमकदार. ग्राहक हात घालून खालचं काढते, तवा माल समजते. त्या सायबानं हात घालू देला काय आपल्याले?"

"पण मधूभाऊंचा तर आपल्या डोळ्यांदेखत खराब झाला."

"हाव. अन् त्यानं आपल्या डोयादेखत खुराड्यावर बांधला."

मी हट्टानं अमरावतीला फोन लावला. निकाल न्यायानं लागावा, एवढाच हेतू. ढिगातले आणखी दोन बोर्ड मिळाले तर मी त्याच परातींत बुडवणार होतो. साहेब फार मृदू बोलले. नमुना एकदाच दिला जातो. बाकी ऑर्डर दिल्यावर. मी विचारलं, डबीतला बोर्ड इथेच बनला ना? साहेब म्हणाले की कंपनीचं जाळं देशभर आहे.

मी फोन ठेवला. मधूभाऊ तार पिळून झाले होते. "दुसरा बनवून देऊ काय?" त्यांनी विचारलं. "लेपाचे दोन हात देतो. सुकाले वेळ लागन. फुटला त पुन्ना बनवतो. गॅरंटी गिरंटी मी लिहून देत नाई. बिघडला त येजा."

"येईन मी," वनिताताई म्हणाल्या. "मले रस्ता माईत झाला. भांडाले येईन."

"या ना. दुपारी येजा, सकायी मी कामात असतो."

माझ्या मते वऱ्हाडात त्या दिवशी झालेला हा सगळ्यांत स्पष्ट करार होता.

पुन्हा अकोला

पुढचं काम माझं होतं. दोन बाजूंचा आराखडा एका बाजूत आणायचा. लॉजच्या खोलीतलं टेबल डुगडुगत होतं. पायाखाली घडी घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून अमरावतीच्या कंपनीची पुस्तिका घातली. ती जाड होती, टेबल स्थिर झालं. दोन दिवस मी रेघा सरकवत बसलो. जिथे रेघ रेघेला आडवी येई तिथे वरून तारेचा पूल टाकायचा, जिथे रेघ बारीक तिथे रुंद करायची. पत्त्याच्या पानाएवढा माझा देखणा बोर्ड शेवटी लहान भाकरीएवढा झाला. मला वाईट वाटलं. मधूभाऊंनी तो पाहिला आणि म्हणाले, "आता दिसून राहिला बोर्डावानी."

एका बाबतीत आमचं वाजलं. नाव आणि खुणा मला बोर्डाच्या वरच्या बाजूला सुबक छापून हव्या होत्या. ते म्हणाले, पेटीत कोन वाचते? मी म्हणालो, दुरुस्ती करणारा वाचतो. ते म्हणाले, दुरुस्ती करनारा मीच. अर्धा तास गेला. शेवटी खुणा छापायच्या, नाव नाही, असं ठरलं. कुणाचं नाव, ते कुणीच बोललं नाही.

लेपाचे दोन हात झालेला बोर्ड परातीत गेला. या वेळी एक रात्र नाही, वनिताताईंनी तीन रात्री लावल्या. त्या मधे भातकुलीला जाऊन गाय पाहून परत आल्या आणि येताना डबा पुन्हा भरून आणला. चौथ्या सकाळी बोर्ड काढला. एका भोकाच्या काठाशी मुंगीएवढा हिरवा ठिपका होता. मधूभाऊंना तोही खटकला. तिथे कथलाचा डाग देताना लेप थोडा जास्त टोकरला गेला होता. पुढच्या घाण्यात तो काठ राखीन, असं ते म्हणाले आणि तो बोर्ड बाजूला ठेवू लागले. वनिताताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हा मले द्या. पेटीत हाच लागन. पुढचे मंग द्या."

"याच्यावर ठिपका हाय ना, ताई."

"मंग? मले माईत हाय ना ठिपका कोठी हाय."

भातकुली

पेटी बसली तेव्हा तळ्यातलं पाणी पायऱ्यांच्या खाली गेलं होतं, पण संपलं नव्हतं. मिरचीचं बी ट्रेमध्ये पडलं होतं. गजाननरावांनी भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. वावराच्या बांधावर भाऊ दिसले, मला नमस्कार करून गेले आणि कपाशीबद्दल काही बोलले नाहीत.

मला वाटत होतं की पेटी लावायची, खटका दाबायचा आणि चहा घ्यायचा. पण खारपाणपट्ट्यावर अनेक भाषणं केलेले परिसरातले एक पुढारी आहेत. त्यांना हे कळलं, आणि कळल्यावर उद्घाटन टळत नाही. वनिताताईंनी दोनदा नको म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा मांडववाला आला तेव्हा त्या गप्प बसल्या. मधूभाऊ अकोल्याहून आले होते, पांढरा शर्ट घालून. बोटं मात्र त्याच रंगाची.

पेटीला झेंडूची माळ घातली. व्यासपीठ म्हणून ट्रॉलीवर सतरंजी टाकली. फोटोत पाणी भरपूर दिसावं म्हणून कार्यकर्त्यांनी पहाटेपासून खपून हौद काठोकाठ भरून ठेवला होता. हे मला नंतर कळलं, आणि वनिताताईंनाही.

पाहुण्यांनी भाषण केलं. काळी माती, विज्ञान, भगीरथ, आणि खाऱ्याचं गोड करण्याची जिद्द. बोलता बोलता त्यांनी मधूभाऊंना तंत्रज्ञ म्हटलं आणि मला शास्त्रज्ञ. मधूभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "तुमी काहून हलून राहिले? उभे राहा ना नीट." मी हलत होतो हे खरं. तो ठिपका माझ्या डोळ्यांपुढे होता.

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी पंपाचं हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. कॅमेरेवाला म्हणाला, साहेब, इकडे बघून. तिसऱ्यांदा त्यांनी इकडे बघून दाबलं. गजाननराव तारांकडे गेले. मधूभाऊंनी मान वाकडी करून पेटीवरचा दिवा पाहिला; तो लाल होता. वनिताताई ट्रॉलीमागून हौदापाशी गेल्या, ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकल्या.

पहाटे हौद बोअरनं भरला होता. पाणी खारं होतं.